कार्ड व्हीएमला दिलं, पण ताबा कोणाचा? नेटवर्क कार्डाचा पासथ्रू बिघडतो तेव्हा

छोट्या ऑफिसांसाठी मी गेली काही वर्षं एकच मांडणी करत आलोय. चार लॅन पोर्टांचा मिनी पीसी (होस्ट), त्यावर व्हर्च्युअल मशिनं (व्हीएम) चालवणारं प्रॉक्समॉक्स, आत फायरवॉल म्हणून ओपीएनसेन्सचं व्हीएम, आणि चारपैकी दोन पोर्ट पासथ्रूने, म्हणजे होस्टला मध्ये न घेता, थेट त्या व्हीएमला. महिनोन्‌महिने कुणाला आठवणही येत नाही. मग एके दिवशी फोन येतो, "सर, रात्री लाइट गेली होती, आल्यापासून नेट नाही." बिघाडाची कारणं ठरलेली आहेत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

कमांडची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच लागेल.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

- व्हीएम सुरूच होत नाही. लॉगमध्ये 'आयओएमएमयू नॉट प्रेझेंट' किंवा 'ग्रुप इज नॉट व्हायेबल' अशी ओळ.
- व्हीएम सुरू होतं आणि त्याच क्षणी होस्टचं वेब पान बंद पडतं. होस्ट रीबूट केला की दोन मिनिटं पान दिसतं, मग पुन्हा तेच.
- व्हीएम चालू, आत कार्डही दिसतं, पण वॅनला (इंटरनेटकडच्या पोर्टाला) आयपी मिळत नाही.
- पहिल्यांदा सगळं ठीक. व्हीएम रीस्टार्ट केलं की कार्ड नाही. अख्खा होस्ट बंद-चालू केल्यावर परत येतं.
- नवीन डिस्क किंवा कार्ड बसवलं आणि पासथ्रूला हातही न लावता तो बिघडला.

पुढची प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: या घडीला कार्डाचा ताबा कोणाकडे आहे? एका वेळी कार्डाला धनी एकच. एकतर होस्टचा ड्रायव्हर, नाहीतर व्हीएफआयओ (कार्ड व्हीएमच्या हवाली करणारा लिनक्सचा ड्रायव्हर) आणि त्याच्यामार्फत व्हीएम. व्हीएमच्या सेटिंगमध्ये कार्ड लिहिलेलं असतं तो झाला सातबारा. सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी गत झाली की वरची लक्षणं दिसू लागतात.

केबल आणि केबलवाला

हसू नका. 'पासथ्रू गेला' म्हणून आलेल्या फोनांपैकी कितीतरी इथेच मिटलेत. झाडू मारताना वायर निघते, कुणीतरी ती शेजारच्या पोर्टात खोचतं, आणि आपण बायोसमध्ये शिरतो. काखेत कळसा, गावाला वळसा. मिनी पीसीवर छापलेले पोर्ट क्रमांक आणि आतले पीसीआय पत्ते एकाच क्रमाने असतील याची खात्री धरू नका. होस्टच्या ताब्यात असलेल्या पोर्टासाठी 'इथटूल -पी' आणि पुढे इंटरफेसचं नाव दिलं की त्या पोर्टाचा दिवा लुकलुकतो. मात्र पोर्ट व्हीएमकडे गेला की होस्टवरून हे चालत नाही. म्हणून मांडणीच्या दिवशीच दिवे लुकलुकवून पोर्टांवर चिकटपट्टी लावून घ्या.

आयपी न मिळण्याचं खास आपल्याकडचं कारण म्हणजे मॅक बाइंडिंग. गल्लीतला नेटवाला बहुतेक वेळा तुमच्या कनेक्शनला एकच मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतो. आधी व्हीएमला ब्रिजवरून (होस्टमधल्या व्हर्च्युअल स्विचवरून) व्हर्च्युअल कार्ड होतं, तेव्हा पलीकडे त्याचा बनावट मॅक दिसत होता. पासथ्रू केल्यावर खऱ्या कार्डाचा मॅक दिसतो आणि पलीकडून दार बंद. ओएनयू (फायबरचा डबा) पाच मिनिटं बंद ठेवून पाहा. तरीही नाही तर नेटवाल्याला फोन करून नवा मॅक चढवायला सांगा, किंवा ओपीएनसेन्समध्ये वॅनला जुना मॅक द्या. पासथ्रूचा यात काडीचाही दोष नसतो.

बायोस, आणि एक बटण सेल

पासथ्रूला इंटेलवर व्हीटी-डी लागतं, एएमडीवर आयओएमएमयू. व्हीटी-एक्स वेगळं. व्हीटी-एक्स चालू असलं की व्हीएम चालतात, त्यामुळे 'व्हर्च्युअलायझेशन तर चालू आहे' म्हणून लोक पुढे जातात. कार्ड मेमरीत थेट लिहितं. व्हीएमने सांगितलेला मेमरीचा पत्ता खऱ्या पत्त्यात बदलणं आणि कार्डाला दुसऱ्याच्या मेमरीत शिरू न देणं हे आयओएमएमयूचं काम. तो नसेल तर कार्ड व्हीएमला देताच येत नाही.

'पण सेटिंग मी स्वतः चालू केलं होतं!' केलं असेल. बायोस अपडेटनंतर ते बहुधा मूळपदावर जातं. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला आणि वर लाइट गेली, तरी अनेक बोर्डांवर तेच होतं. एका दवाखान्यात दर महिन्या-दोन महिन्याला हीच तक्रार यायची. मी जायचो, व्हीटी-डी चालू करायचो, चहा पिऊन परत. तिसऱ्या खेपेला बायोसच्या कोपऱ्यातलं घड्याळ नजरेस पडलं: कित्येक वर्षं मागची १ जानेवारी. होस्टचं घड्याळ इंटरनेटवरून जुळत असल्याने बाहेरून कधी शंकाच आली नव्हती. पन्नास रुपयांच्या आतला सेल बदलला, त्यानंतर त्या तक्रारीसाठी जावं लागलं नाही. तेव्हापासून बायोसमध्ये शिरलो की मी आधी तारीख पाहतो.

कर्नेलपर्यंत निरोप पोचला का

कर्नेलचा (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा) लॉग दाखवणाऱ्या 'डीमेसेज'च्या आउटपुटमध्ये डीएमएआर आणि आयओएमएमयू हे शब्द शोधा. इंटेलवर, ६.८ च्या आधीच्या कर्नेलमध्ये, 'आयओएमएमयू एनेबल्ड' ही ओळ हवी. नुसत्या डीएमएआरच्या ओळी दिसल्या म्हणजे काम झालं असं नाही. बायोसने आयओएमएमयूचा तक्ता दिला एवढाच त्यांचा अर्थ.

ओळ नसेल तर 'कॅट /प्रोक/सीएमडीलाइन' करून पाहा की तुम्ही लिहिलेला 'इंटेल_आयओएमएमयू=ऑन' तिथे दिसतो का. इथे बरेच जण फसतात. प्रॉक्समॉक्स मशीन ग्रब या बूटलोडरने बूट होऊ शकतं किंवा सिस्टमडी-बूट या दुसऱ्या बूटलोडरने. झेडएफएसवर (डिस्कच्या एका फाइल सिस्टमवर) यूईएफआय पद्धतीने टाकलेली मशिनं बहुधा दुसऱ्या प्रकारची. त्यांच्यावर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये कितीही लिहा, ते कुणी वाचतच नाही. तिथे /ईटीसी/कर्नेल/सीएमडीलाइन मध्ये एकाच ओळीत लिहून 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश' चालवावं लागतं. ग्रबवाल्यांना 'अपडेट-ग्रब'. फाइलीत काय लिहिलं ते सोडा, चालू कर्नेलला काय मिळालं ते पाहा.

एएमडीवर, आणि ६.८ पासूनच्या कर्नेलमध्ये इंटेलवरही, वेगळं काही लिहावं लागत नाही. बायोसमध्ये चालू असेल तर कर्नेल आपण होऊन घेतं.

पत्ता सरकला का

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि सगळ्यात कमी लक्षात येणारा बिघाड हाच.

व्हीएमच्या सेटिंगमध्ये कार्ड लिहिलेलं असतं ते पीसीआय पत्त्याने, ०३:००.० असं. त्यातला पहिला आकडा बसचा, आणि तो बूटच्या वेळी मोजणी करून ठरतो. मध्ये एखादं नवीन उपकरण आलं की पुढचे सगळे एकेक घर सरकतात. चाळीत मधल्या खोलीचे दोन भाग झाले आणि पोस्टमन जुन्याच क्रमांकावर पत्रं टाकत राहिला, तसं.

एका मशीनमध्ये जागा संपत आली म्हणून मी दुसरी एनव्हीएमई डिस्क बसवली. आधी ०१ वर जुनी डिस्क होती आणि ०२ ते ०५ वर चार लॅन पोर्ट. ०२ होस्टसाठी, ०३ आणि ०४ व्हीएमला. नवी डिस्क बसली ०२ वर आणि पोर्ट सरकले ०३ ते ०६ वर. मशीन चालू केलं. व्हीएमने इमानेइतबारे ०३ आणि ०४ उचलले, म्हणजे होस्टचा स्वतःचा पोर्ट आणि जुना वॅन. होस्टच्या ब्रिजमध्ये लिहिलेलं नाव होतं ईएनपी२एस०, आणि त्या नावाचा पोर्टच उरला नव्हता. वेब पान नाही, एसएसएच नाही, नेटही नाही. व्हीएम मात्र 'रनिंग'. नशीब, व्हीएमला ०२ दिलेलं नव्हतं. नाहीतर नवी डिस्कच त्याच्या पदरात पडली असती.

अशा वेळी आत कसं शिरायचं? मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा. लॉगिन करता आलं तर व्हीएम तिथूनच थांबवा. काहीच हलत नसेल तर बूट मेनूत 'ई' दाबून कर्नेलच्या ओळीच्या शेवटी 'इंटेल_आयओएमएमयू=ऑफ' लिहा (एएमडीवर 'एएमडी_आयओएमएमयू=ऑफ'). आयओएमएमयूच नसेल तर व्हीएम कार्ड घेऊ शकत नाही, सुरू व्हायला जातं आणि पडतं, म्हणजे कार्डं होस्टकडेच राहतात. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो. मग 'क्यूएम सेट', व्हीएमचा क्रमांक आणि '--ऑनबूट ०' देऊन त्याचं आपोआप सुरू होणं आधी बंद करा, आणि निवांत दुरुस्ती करा.

कायमचा इलाज दोन बाजूंनी. होस्टच्या पोर्टाला मॅक पत्त्यावरून ठरावीक नाव द्या. /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये '.लिंक' फाइल करून त्यात मॅक आणि हवं ते नाव लिहा, ब्रिजमध्ये तेच नाव वापरा. दुसरी बाजू म्हणजे प्रॉक्समॉक्स ८.० पासून, म्हणजे २०२३ पासून आलेली रिसोर्स मॅपिंगची सोय. तीत पत्त्याबरोबर उपकरणाची ओळखही नोंदली जाते, त्यामुळे त्या पत्त्यावर भलतंच काही आलं तर व्हीएम सुरू व्हायला नकार देतं. चारही पोर्ट एकाच जातीचे असतील तर मात्र मॅपिंगला एक पोर्ट दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून एवढं करूनही, स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी व्हीएमचं ऑनबूट काढून ठेवतो.

ताबा प्रत्यक्ष कोणाकडे

'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. प्रत्येक कार्डाखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. व्हीएम चालू असताना दिलेल्या पोर्टाखाली 'व्हीएफआयओ-पीसीआय' दिसायला हवं. 'आयजीसी' किंवा 'आयजीबी' (होस्टचे इंटेल कार्डांचे ड्रायव्हर) दिसलं तर वहिवाट अजून होस्टची आहे. उलट होस्टच्या पोर्टाखाली व्हीएफआयओ दिसलं तर तुमचं वेब पान कुठे गेलं त्याचं उत्तर मिळालं.

हा दुसरा प्रकार बहुधा एका चुकीतून येतो. 'व्हीएफआयओ-पीसीआय आयडीज=८०८६:१२५सी' असं लिहून ठेवलेलं असतं. हा आकडा त्या एका पोर्टाचा नसतो, जातीचा असतो. आय२२६-व्ही चिपचे चार पोर्ट असतील तर चौघांचाही क्रमांक हाच, आणि व्हीएफआयओ चौघांनाही उचलतं. प्रॉक्समॉक्सवर नेटवर्क कार्डासाठी ही ओळ बहुतेक वेळा लागतच नाही. व्हीएम सुरू होताना ते हवं ते कार्ड होस्टच्या ड्रायव्हरकडून सोडवून व्हीएफआयओला देतं. ओळ काढा, 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवा, रीबूट करा. ती कमांड विसरलात तर बूटच्या वेळी या सेटिंगची जुनीच प्रत वाचली जाऊ शकते.

या यादीत कार्ड दिसतच नसेल, किंवा त्याच्या ओळीत 'रेव्ह एफएफ' दिसत असेल, तर कार्ड बसवर उत्तर देत नाहीये. मशीन पूर्ण बंद करून प्लग काढा, दोन मिनिटांनी लावा. वेगळं बसवलेलं कार्ड असेल तर काढून, सोनेरी पट्टी खोडरबरने पुसून पुन्हा घट्ट बसवा. पावसाळ्यात हा घरगुती उपाय मला बऱ्याचदा उपयोगी पडलाय.

ग्रुप

/सिस/कर्नेल/आयओएमएमयू_ग्रुप्स मध्ये कोणतं उपकरण कोणत्या ग्रुपमध्ये आहे ते दिसतं. 'नॉट व्हायेबल'चा अर्थ असा की कार्डाच्या ग्रुपमध्ये आणखी काहीतरी आहे आणि ते होस्ट वापरतोय. एका ग्रुपमधली उपकरणं आयओएमएमयूच्या नजरेआड आपसांत बोलू शकतात, म्हणून ग्रुप जातो तो अख्खा जातो. पीसीआय ब्रिज तेवढे सुटतात.

कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून पाहा. थेट प्रोसेसरला जोडलेला स्लॉट आणि चिपसेटमागचा स्लॉट यांत पुष्कळदा फरक पडतो. बायोसमध्ये एसीएसचं (उपकरणं एकमेकांपासून अलग ठेवण्याचं) सेटिंग असेल तर चालू करा. यापुढे एकच आडवाट उरते, 'पीसीआयई_एसीएस_ओव्हरराइड'. तिने ग्रुप सुटे झालेले दिसतात, पण हार्डवेअरमध्ये काहीच बदलत नाही. फाटक बसवलं अशी कागदावर नोंद होते, जागेवर फाटक नसतंच. घरच्या प्रयोगाला वापरा. लोकांचे पैसे किंवा रुग्णांच्या नोंदी ज्या मशीनवर आहेत तिथे मी ती वापरत नाही.

व्हीएमची सेटिंग

पीसीआय एक्सप्रेसचा पर्याय निवडायचा तर मशीनचा प्रकार क्यू३५ हवा. मेमरी: पासथ्रू असलेल्या व्हीएमची सगळी मेमरी सुरू होतानाच अडकवली जाते, कारण कार्ड कधी कुठे लिहील ते सांगता येत नाही. ८ जीबी दिली तर ८ जीबी गेलीच, बलूनिंगचा (न वापरलेली मेमरी परत घेण्याच्या सोयीचा) उपयोग नाही. १६ जीबीच्या होस्टवर झेडएफएसने आपला वाटा आधीच घेतला असेल तर 'कॅनॉट अलोकेट मेमरी' येतं आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो. व्हीएम बायोसच्या काळ्या पडद्यावर अडकत असेल तर पासथ्रूच्या सेटिंगमधून रॉम-बारची खूण काढा. कार्डातला नेटवर्क बूटचा रॉम तिथे नाहक लुडबुड करतो.

व्हीएमच्या आत

कार्ड व्हीएमकडे गेलं म्हणजे ड्रायव्हरची जबाबदारीही त्याच्याकडे गेली. होस्टवर चालत होतं याचा इथे उपयोग नाही. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडीवर उभं आहे. रिअलटेकच्या अडीच गिगाबिट चिपसाठी तिथे वेगळं प्लगइन टाकावं लागतं. आयजीसी० आणि आयजीसी१ ही नावं पत्त्यांच्या क्रमाने पडतात, त्यामुळे पत्ते दिलेला क्रम बदलला तर वॅन आणि लॅन यांची अदलाबदल होते. मॅक पाहूनच नेमणूक करा.

दुसऱ्यांदा न चालणारं कार्ड

व्हीएम थांबल्यावर कार्डाला कोऱ्या पाटीवर आणावं लागतं. त्यासाठी चांगल्या कार्डांत फंक्शन लेव्हल रीसेटची सोय असते. 'एलएसपीसीआय -व्हीव्हीव्ही' मध्ये 'एफएलरीसेट'पुढे अधिकचं चिन्ह असेल तर ती आहे, उणं असेल तर नाही. नसलेल्या कार्डाला कर्नेल दुसऱ्या मार्गाने रीसेट करू पाहतं आणि दर वेळी ते साधत नाही. यावर कमांडींचे बरेच खेळ मी करून पाहिलेत. शेवटी दर वेळी कार्डच बदललं. आय३५० सारखी जुनी सर्व्हर कार्डं वापरलेल्या मालात मिळतात, चार पोर्ट येतात, आणि या बाबतीत त्यांनी मला त्रास दिलेला नाही. नकली मालही फिरतो, म्हणून परत घेणाऱ्याकडूनच घ्या.

इथे थांबा

लॉगमध्ये आरएमआरआर हा शब्द आला तर थांबा. मशीनच्या फर्मवेअरने मेमरीचा काही भाग त्या उपकरणासाठी राखून ठेवलाय. ते सोडवणं उत्पादकाच्या बायोस अपडेटचं काम आहे, तुमचं नाही. 'नो इंटरप्ट रीमॅपिंग' आलं तरी थांबा. 'अनसेफ इंटरप्ट्स'ला परवानगी देऊन व्हीएम सुरू होतं, पण मग आतला माणूस होस्टला धक्का लावू शकतो, आणि हे नाव गंमत म्हणून ठेवलेलं नाही.

मशीन शंभर किलोमीटरवर असेल आणि तिथे मॉनिटर लावणारं कुणी नसेल तर वरचं काहीही दूरून करू नका. डिस्क चुकून व्हीएमकडे गेल्याची शंका असेल तर मशीन बंद करा, पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळा, आणि डेटा परत काढणाऱ्याला बोलवा. पतसंस्था, दवाखाना, बिलिंग काउंटर अशा ठिकाणी तासाभरात गाडी रुळावर येत नसेल तर त्या दिवसापुरता साधा राउटर लावून काम सुरू करून द्या आणि जाणकाराला बोलवा. माझ्या गाडीत एक राउटर कायम पडलेला असतो.

आणि त्या जाणकाराला एकदा हेही विचारा की इथे पासथ्रू लागतो का. शंभर-दोनशे एमबीपीएसच्या कनेक्शनला ब्रिजवरचं व्हर्टआयओ (व्हर्च्युअल) कार्ड आरामात पुरतं. ओपीएनसेन्समध्ये हार्डवेअर चेकसमची सोय बंद ठेवायची, एवढंच. गेल्या वर्षभरात मी तीन ऑफिसांतला पासथ्रू काढूनच टाकला. तिथून आता फोन येतात ते प्रिंटरचे.